सीटी स्कॅन नॉर्मल असताना पाठीतील पाणी कशासाठी तपासायचे?

आपण दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपल्या धाकट्या बहिणीचे वय २३ आहे. सुमारे अडीच आठवड्यांपासून तिला संध्याकाळी ताप येतो, डोके दुखते आणि अधूनमधून उलट्या होतात. तासगावात विडाल तपासणी पॉझिटिव्ह आल्यामुळे टायफॉईड समजून सलाइनमधून इंजेक्शने दिली गेली, थोडे बरे वाटले आणि डोकेदुखी पुन्हा वाढली. आता तिला एकाचे दोन दिसतात आणि कालपासून ती असंबद्ध बोलते, म्हणून तिला मिरजेत दाखल केले आहे. सीटी स्कॅन नॉर्मल आला आहे. तरीही डॉक्टर पाठीतील पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणारा द्रव, सुईने काढायचे म्हणतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा त्याला विरोध आहे, कारण भावकीतील एका गृहस्थांचे असे पाणी काढल्यानंतर पाय गेले. ते टाळून आधी टायफॉईडचा कोर्स पूर्ण करावा का, असे आपण विचारले आहे. टीबी निघाला तर तो घरात पसरेल का आणि ठरलेल्या लग्नाचे काय करायचे, हेही विचारले आहे.

मी बहिणीला तपासलेले नाही. तिच्यासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरांचे मत माझ्या मतापेक्षा नेहमीच अधिक मोलाचे आहे, आणि खाली लिहिलेल्या काही गोष्टी तिच्या प्रकृतीप्रमाणे बदलू शकतात. तरीही आपल्या वर्णनावरून उत्तर देता येते: डॉक्टरांना अडचण दिसत नसेल तर ही तपासणी आजच होऊ द्यावी. टायफॉईडचा कोर्स संपण्याची वाट पाहू नये.

घरात सध्या चर्चा सुरू आहे ती सुईच्या धोक्याची. डॉक्टरांपुढचा प्रश्न वेगळा आहे. लांबलेला ताप, वाढती डोकेदुखी, उलट्या, दुहेरी दिसणे आणि आता बदललेले भान, ही लक्षणे एकत्र आली की मेंदूच्या आवरणाला सूज आली असावी, म्हणजेच मेंदूज्वर असावा, असाच विचार प्रथम करावा लागतो. ही सूज साध्या जिवाणूंनी येते, विषाणूंनी येते, क्षयाच्या जंतूंनी येते, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात बुरशीनेही येते. बाहेरून हे आजार पुष्कळसे सारखे दिसतात, पण त्यांचे औषधोपचार पूर्णपणे निराळे आहेत. विषाणूजन्य आजाराचे बरेच प्रकार आपोआप बरे होतात. क्षयाचा आजार औषधाविना जीव घेतो. यांतला कोणता आजार आहे, हे ठरवणारी मुख्य तपासणी त्या पाण्याचीच आहे.

सीटी स्कॅनविषयीचा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबात भेटतो. ‘स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे मेंदूत काही नाही,’ असे नातेवाइकांना वाटते. सीटीमध्ये रक्तस्राव, गाठ, मोठा गळू किंवा मेंदूतील पोकळ्यांत साचलेले पाणी दिसते; आवरणाची सुरुवातीची सूज, विशेषतः कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे, सूज उठून दाखवणारे औषध) न देता काढलेल्या सीटीत, बहुधा दिसत नाही. मग तो आधी का काढतात? भान हरपलेल्या, झटके आलेल्या किंवा शरीराची एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णाच्या डोक्यात गाठीमुळे दाब वाढलेला असेल, तर खालून पाणी काढल्याने मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. तो धोका आहे का, हे पाहण्यासाठी स्कॅन असतो. आपल्या बहिणीचा स्कॅन नॉर्मल असण्याचा अर्थ म्हणूनच घरच्यांनी काढला त्याच्या नेमका उलट आहे. पाणी काढण्याला या बाजूने हरकत दिसत नाही, एवढेच तो स्कॅन सांगतो. आजार नाही असे तो सांगत नाही.

आता सुईकडे येतो. ही तपासणी १८९१ साली हाइनरिख क्विंके या जर्मन डॉक्टरांनी रूढ केली, म्हणजे ती सव्वाशेहून अधिक वर्षे वापरात आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या फटीत. तिथे मज्जारज्जू नसतो. पाण्यात सुटे तरंगणारे मज्जातंतू असतात आणि ते सुईच्या टोकापासून सहसा बाजूला सरतात. शरीरात हे पाणी एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असते आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते. तपासणीसाठी काढलेले ८-१० मिलिलिटर तासाभराच्या आत भरून निघते. घरातील कोणा स्त्रीचे सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन झाले असेल, तर तिलाही सुई याच भागात टोचली होती, हे वडीलधाऱ्यांना जरूर सांगावे. माझ्या अनुभवात शरीररचनेच्या चित्रापेक्षा हे वाक्य जास्त लवकर पटते.

धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही. काही रुग्णांना नंतर काही दिवस डोकेदुखी होते, जी उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. बहुतेकांची ती आठवडाभरात जाते. सुईच्या जागी थोडे दिवस दुखू शकते. जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव क्वचित होतो, आणि तो टाळण्यासाठीच काही रुग्णांत तपासणी पुढे ढकलतात: प्लेटलेट्स फार कमी असतील, रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, सुईच्या जागेवर त्वचेला संसर्ग असेल किंवा डोक्यात गाठीचा दाब असेल तर. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण असतात तेव्हा आम्ही प्लेटलेट्स पाहिल्याशिवाय सुई हातात घेत नाही. बहिणीच्या बाबतीत यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. या प्रश्नाचा कोणताही डॉक्टर राग मानणार नाही.

भावकीतील गृहस्थांचे पाय कशाने गेले, हे त्यांचे कागद पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. क्षयाच्या मेंदूज्वरात मेंदूच्या तळाशी घट्ट स्राव साचतो, तिथून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूचा काही भाग मरून अर्धांगवायू होतो. तोच स्राव पाठीच्या कण्यात उतरला तर पाय लुळे पडतात आणि लघवी अडते. हे आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात किंवा त्यानंतर घडते, आणि पाणी काढण्याची वेळही बहुधा तेव्हाच आलेली असते. त्यामुळे आधी सुई आणि मग लुळेपणा असा क्रम लोकांना दिसतो, आणि दोष सुईला लागतो. ज्या घरांनी या भीतीपोटी तपासणी नाकारली, त्या घरांतील रुग्णांचेही पाय जाताना मी पाहिले आहेत.

टायफॉईडविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सातारा-सांगलीकडे लांबलेल्या तापाचे निदान पुष्कळदा विडालवर येऊन थांबते. ही तपासणी रक्तातील प्रतिद्रव्ये मोजते. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच संसर्ग असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉईडचे खात्रीचे निदान रक्ताच्या कल्चरने, म्हणजे नमुन्यातील जंतू लॅबमध्ये वाढवून, होते, तेही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त घेतले तर. शिवाय टायफॉईडसाठी दिलेली औषधे मूळ चित्र पुसट करतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनचे इंजेक्शन मिळाले असेल तर जिवाणूजन्य मेंदूज्वर अर्धवट दबतो आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. ऑफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या गोळ्या क्षयाच्या जंतूंवरही थोडा परिणाम करतात, त्यामुळे दोन-चार दिवस बरे वाटते आणि निदान मात्र लांबते. बहिणीला मध्ये बरे वाटले ते याच कारणाने असेलच असे मी म्हणत नाही, पण शक्य आहे. तासगावात दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनाची आणि गोळीची चिठ्ठी, रिकाम्या पट्ट्यांसह, आजच मिरजेच्या डॉक्टरांच्या हातात द्यावी. अहवालाचा अर्थ लावताना तिचा उपयोग होतो.

आजार एका दिवसात उलटला असता तर मी हे सगळे वेगळ्या क्रमाने लिहिले असते. थंडी वाजून ताप, असह्य डोकेदुखी आणि काही तासांत भान हरपणे, असे चित्र असेल तर तो तीव्र जिवाणूजन्य मेंदूज्वर समजावा लागतो. तिथे प्रतिजैविकाचा पहिला डोस तासाभरात जायला हवा, आणि स्कॅनसाठी किंवा पाण्यासाठी वेळ लागणार असेल तर रक्ताचे कल्चर घेऊन औषध आधी द्यायला हवे. जत किंवा आटपाडीहून मिरजेला पोहोचायला १०८च्या गाडीलाही दोन तास तरी जातात. अशा रुग्णाला पहिला डोस तिथल्या ग्रामीण रुग्णालयातच देऊन मग पाठवावे, असे मी तिकडच्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. अंगावर, तळहातांवर किंवा डोळ्यांच्या पापणीच्या आत दाबल्यावर न जाणारे जांभळे ठिपके दिसले तर एक मिनिटही थांबू नये. आणि मान आखडलेली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. नेदरलँडमधील प्रौढ रुग्णांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ताप, आखडलेली मान आणि बदललेले भान ही तिन्ही लक्षणे एकत्र फक्त ४४ टक्के रुग्णांत आढळली होती. डोकेदुखी धरून चारांपैकी कोणतीही दोन मात्र ९५ टक्क्यांत होती. तान्ह्या मुलात तर मानेऐवजी फुगलेली टाळू, दूध न ओढणे आणि कण्हणे यांवरूनच ओळखावे लागते, आणि म्हाताऱ्या माणसात कधीकधी नुसता गोंधळ दिसतो.

बहिणीच्या आजाराला अडीच आठवडे झाले आहेत, आणि हा कालावधीच माझे मत क्षयाकडे झुकवतो. पाच-सहा दिवसांहून जुना ताप आणि डोकेदुखी, त्यात डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या मज्जातंतूवर परिणाम होऊन दुहेरी दिसणे, हे आपल्याकडे क्षयाच्या मेंदूज्वराचे नेहमीचे चित्र आहे. तरी दुसरी कारणे सोडून चालत नाही. एचआयव्हीची तपासणी प्रत्येक अशा रुग्णाची करावी, कारण ती पॉझिटिव्ह असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीचा शोध घ्यावा लागतो. एचआयव्हीची तपासणी सुचवली म्हणून घरच्यांनी अपमान मानू नये. पाटण किंवा जावळीच्या डोंगराळ भागात वावर झालेला असेल तर काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली आहे का, हे मी स्वतः पाहतो, कारण स्क्रब टायफसही असाच ताप आणि डोकेदुखी घेऊन येतो आणि डॉक्सिसायक्लिनने बरा होतो.

पाण्याच्या अहवालात काय पाहतात तेही सांगतो, म्हणजे कागद हातात आल्यावर आपण गोंधळणार नाही. निरोगी माणसाचे हे पाणी स्वच्छ असते, त्यात पाचपर्यंत पेशी, ४५ मिलिग्रॅमपर्यंत प्रोटीन आणि रक्तातील साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश साखर असते. तीव्र जिवाणूजन्य आजारात पाणी गढूळ होते, पेशी शेकड्यांनी किंवा हजारांनी वाढतात, त्या बहुतांश न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात आणि साखर खूप उतरते. विषाणूजन्य आजारात लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात, पण साखर बहुधा नीट राहते. क्षयात लिम्फोसाइट वाढतात, प्रोटीन शंभराच्या वर, कधी त्याच्याही पुष्कळ पुढे जाते आणि साखर कमी होते. साखरेचा आकडा एकटा वाचता येत नाही. त्याच वेळी रक्तातील साखर तपासलेली असावी लागते, विशेषतः डेक्स्ट्रोजचे सलाइन चालू असेल तेव्हा. खासगी दवाखान्यातून नमुना नातेवाइकाच्या हाती देऊन लॅबमध्ये पाठवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तशी वेळ आली तर बाटली थेट लॅबमध्ये पोहोचवावी, वाटेत चहाला थांबू नये आणि फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये. तासाभरात पेशी विरघळू लागतात आणि मोजणी चुकते.

त्याच पाण्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी होते, जिच्यात क्षयाच्या जंतूंचा अंश काही तासांत सापडतो आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचे मुख्य औषध लागू पडेल का, हेही कळते. यासाठी पाणी थोडे अधिक लागते, म्हणून डॉक्टरांनी तीन-चार बाटल्या भरल्या तर घाबरू नये. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: सीबीनॅट पॉझिटिव्ह आली तर निदान झाले, पण निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असे ठरत नाही. या आजारात पाण्यातील जंतू फार थोडे असतात. कल्चरला सहा-आठ आठवडे लागू शकतात, आणि तेवढा काळ आजार थांबत नाही. म्हणून लक्षणांचा कालावधी, पाण्याचे आकडे, कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी दिसणारी सूज आणि छातीचा एक्स-रे, हे सारे जुळवून आम्ही उपचार सुरू करतो. ‘खात्री नसताना टीबीची औषधे कशी देता?’ असे कोणी विचारले, तर माझे उत्तर असे की या एका आजारात खात्रीची वाट पाहण्याची किंमत रुग्णच मोजतो.

ही किंमत किती, ते आजाराच्या टप्प्यावर अवलंबून असते. शुद्ध पूर्ण आहे आणि मज्जातंतूंवर परिणाम नाही, तो पहिला टप्पा. थोडा गोंधळ आहे किंवा एखाद्या मज्जातंतूवर परिणाम झाला आहे, तो दुसरा. रुग्ण बेशुद्धीत गेला, तो तिसरा. पहिल्या टप्प्यात औषध मिळालेले बहुतेक रुग्ण बरे होऊन कामाला लागतात, तिसऱ्या टप्प्यातील बरेच दगावतात किंवा अपंग होतात. आपल्या वर्णनावरून बहीण दुसऱ्या टप्प्यात आहे.

निदान क्षयाकडे झुकले तर चार औषधे सुरू होतील आणि त्यांच्यासोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. स्टेरॉइडचे नाव ऐकून घाबरू नये. व्हिएतनाममधील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते दिल्याने मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. ते सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू कमी करत बंद करतात; मनाने अचानक थांबवणे धोक्याचे आहे. क्षयाची औषधे छातीच्या टीबीला सहा महिने चालतात, मेंदूच्या टीबीला मात्र साधारण ९ ते १२ महिने. ती सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, खासगी रुग्णालयातील रुग्णालाही. निक्षय या सरकारच्या क्षयरुग्ण-नोंदणी पोर्टलवर नोंद झाली की पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. रुग्णालय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर दाखल असतानाच्या खर्चाविषयी तिथल्या आरोग्यमित्राला आजच भेटावे, बिल झाल्यावर नव्हे.

सुधारणा सावकाश होते, आणि इथे घरच्यांचा धीर सुटतो. ताप उतरायला दोन आठवडे किंवा जास्तही लागू शकतात. मध्येच पुन्हा गुंगी आली तर औषध लागू पडत नाही असे लगेच समजू नये. रक्तातील सोडियम उतरलेले असू शकते, मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचलेले असू शकते, किंवा मेलेल्या जंतूंच्या विरोधात शरीरच जास्त सूज निर्माण करत असते. पाणी साचले तर ते पोटात उतरवणारी नळी, म्हणजे शंट, बसवावा लागतो आणि त्याचा निर्णय लवकर घेतलेला बरा. घरी गेल्यावर लघवी केशरी होईल. ती रिफाम्पिसिनने होते आणि तिला घाबरू नये. पण डोळे पिवळे दिसू लागले, भूक पार गेली किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर त्याच दिवशी दाखवावे, कारण या औषधांनी काहींच्या यकृताला सूज येते. लाल-हिरवा रंग ओळखताना चूक होऊ लागली किंवा दिसणे अंधुक झाले तर चार औषधांपैकी इथॅम्ब्युटॉलचा हा दुष्परिणाम आहे का, याचा विचार करावा लागतो.

लग्नाविषयी. मुलाकडच्यांपासून हे लपवू नये, कारण वर्षभर रोजच्या गोळ्या लपत नाहीत, आणि लपवण्याच्या नादात त्या चुकतात. तारीख पुढे ढकलणे शक्य असेल तर ढकलावी. औषधे चालू असताना लग्न झालेच तर रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे दोघांना आधी सांगावे. गर्भधारणा कोर्स पूर्ण झाल्यावर ठरवणे सोयीचे. उपचार पूर्ण केलेल्या मुलीला संसार किंवा मूल होण्यात या आजाराचा म्हणून काही अडथळा नसतो.

राहिला संसर्गाचा प्रश्न. मेंदूच्या आवरणाचा क्षय एकाकडून दुसऱ्याला होत नाही. तिच्याजवळ बसावे, तिला भरवावे, तिचे ताट वेगळे करू नये. तिच्या छातीतही क्षय आहे का, एवढे मात्र एक्स-रे आणि आवश्यक तर थुंकीची तपासणी करून पाहावे लागेल. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधक गोळी देतात असे आपण ऐकले असेल. ती मेनिंगोकॉकस आणि हिब या जिवाणूंच्या आजारात देतात, इथे तिचा उपयोग नाही. उलट बहिणीला क्षयाचे जंतू कोणाकडून आले, ते शोधणे जास्त महत्त्वाचे आहे. घरात, शेजारी किंवा वसतिगृहाच्या खोलीत कोणाला दोन आठवड्यांहून जुना खोकला, रात्रीचा घाम किंवा घटलेले वजन असेल, तर त्याची थुंकी आणि एक्स-रे जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावेत. तिथे कोणाच्या छातीत क्षय सापडला आणि त्याच घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर त्या मुलाला बीसीजी दिलेली असली तरी तपासून प्रतिबंधक औषध सुरू करावे लागते, कारण इतक्या लहान वयात क्षयाचे जंतू मेंदूपर्यंत पोहोचायला फार वेळ लावत नाहीत.